पालाआत्या आणि माझं पत्रक

पालाआत्या झाडाकडं शेळीच्या नजरेनं बघायची. कुठली फांदी कोवळी, कुठली तुरट, हे चालता चालता सांगायची. हातात लांब आकडी. फांदी वाकवायची, पाला ओरबाडायचा, पुढं निघायचं. शेंड्याला मात्र कधीच हात नाही. "शेंडा झाडाचा. बाकीचं आपलं," हा तिचा कायदा.

जामखेडकडच्या आमच्या भागात उन्हाळ्यात माणसं चारा छावणीच्या रांगेत उभी राहून गुरांसाठी उसाचं वाढं मागतात, आणि बांधावरची बोर-बाभूळ अडगळ म्हणून जेसीबीनं उपटतात! मला याचा संताप यायचा. अजून येतो. आत्याच्या दीड एकराला शेवरी, सुबाभूळ, हादगा, बोर यांचं कुंपणच होतं, आणि तिच्या शेळ्या वैशाखातही तुकतुकीत!

ते बघून मी पेटलेच. पत्रक छापलं: 'कडबा विसरा, सुबाभूळ घाला!' आत्याला विचारलंसुद्धा नाही. शेजारच्या तात्यांनी ते मनावर घेतलं. आठ शेळ्यांना महिनाभर निव्वळ सुबाभूळ. शेळ्यांचे केस पुंजक्यापुंजक्यानं गळायला लागले. एक गाभण शेळी तर खाणंच सोडून बसली.

तात्या कुऱ्हाड घेऊन स्वतःच्या बांधावरची सुबाभूळ तोडायला निघाले. मी समोर उभी. तेवढ्यात आत्या आली.

"ठेव ती खाली, तात्या. झाडानं तुला आवतण दिलं हुतं का?"

"मंग हिच्या कागदाचं काय? शेळ्या टकल्या केल्या हिनं!"

"तुला रोज निस्ती मिरची वाढली तर तुजं काय हुईल?" मग माझ्याकडं वळून, "आन तू गं, कागदवाली! शेळी एका झाडाचं दोन घास खाती आन फुडं जाती. तिच्यामागं कदी चाललीस का?"

नव्हते चालले.

सुबाभूळ बंद झाली. बोरीचा आणि शेवरीचा पाला, बाभळीच्या वाळल्या शेंगा, जोडीला थोडा कडबा. तो पाला रोज मी आणायचा, ही आत्यानं दिलेली शिक्षा. हात काट्यांनी सोलले, पण गाभण शेळी उठली, खायला लागली, आणि तिला दोन करडं झाली! तरीही तात्या माझ्याशी बोलेनात.

नवं पत्रक मी आत्याला वाचून दाखवलं. तिनं सगळं ऐकलं. "ह्यात तुजी चूक कुठाय?"

"ती कशाला छापायची, आत्या?"

"सगळ्यात वर छाप. मंग खालचं खरं वाटतंय."

पत्रक छापून येण्याआधीच आत्या गेली. चार दिवसांचा ताप, बस्स. तेराव्याला मी पत्रकांचा गठ्ठा घेऊन गेले, पण वाटायचा धीर होईना. तात्यांनीच एक ओढून घेतलं आणि मांडवात सगळ्यांसमोर वरच्या ओळी वाचल्या: 'निव्वळ सुबाभूळ घाला, असं मी सांगितलं होतं. ते चूक होतं. तात्यांच्या शेळ्यांनी ते भोगलं.'

सगळा मांडव माझ्याकडं बघायला लागला. तात्यांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली.

"पोरी," ते म्हणाले, "शेवरीचं बी कुठं मिळतं? माज्या बांधाला लागंल."