लंबी रोटीचं खेळतं भांडवल

कळमेश्वरच्या एका कारखान्यात मी अकाउंट्सला लागलो आणि पहिल्याच आठवड्यात आमचं दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. स्थिर खर्च, बदलता खर्च, साठा, खेळतं भांडवल. नुकतीच शिंगं फुटलेली. हे सगळे शब्द घेऊन मी नागपूरला घरी आलो आणि थेट आईलाच शिकवायला बसलो.

आई उपड्या मडक्यावर लंबी रोटी करते. सैल कणीक दोन्ही हातांवर झुलवत रुमालाएवढी करायची आणि तापल्या मडक्यावर टाकायची, हे काम ती वीस वर्षं करते आहे. मदतीला शेजारच्या दोघी असतात, त्यांची मजुरी रोजची रोज. मोठं गिऱ्हाईक एकच, एक कॅटरर. तो लग्न आटोपल्यावर सवडीनं पैसे द्यायचा.

"गहू थोडा थोडा घेतेस, महाग पडतो," मी म्हणालो. "सीझनभराचा एकदम घे. खर्च कमी, नफा जास्त."

"तू शिकून आला ना गा, मंग तसंच करू," आई म्हणाली. तिची सगळी शिल्लक गव्हात गेली. पोती खाटेखाली मावेनात म्हणून दारामागे रचली. येता-जाता मी त्यांच्याकडे कौतुकानं बघायचो.

चारच दिवसांत कॅटररनं एका आठवड्यातल्या तीन लग्नांची ऑर्डर दिली. एवढी मोठी ऑर्डर आईला कधी मिळाली नव्हती. घरात गहू ढीगभर, पण लाकडं आणायला आणि मजुरी द्यायला दमडी नाही. माझा पहिला पगार अजून व्हायचा होता. नाही म्हटलं तर कॅटरर दुसरीकडे जाणार, आणि त्याच्याशिवाय आईचा धंदा बसल्यातच जमा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साठ्यात पैसा अडकतो, हे त्याच प्रशिक्षणात सांगितलं होतं. माझं लक्ष नफ्याच्या पानावर होतं.

"त्याच्याकडे आगाऊ माग," मी म्हणालो.

"लगनाचे पैसे आंधी मांगत नसते. अपशकुन होते." हा तिच्या आईपासून चालत आलेला नियम. पंगती उठल्यावर मिळेल ते घ्यायचं.

दुपारभर ती पीठ चाळत बसली. मग तिनं मला फोन लावायला सांगितला. हात पिठाचे होते, म्हणून स्पीकरवर.

"भाऊ, या खेपेले आंधी काही पैसे लागतीन. लाकडं आनाचे हाय, बायकाइले द्याचे हाय." बोलताना तिचा चेहरा चोरी पकडली गेल्यासारखा झाला होता.

कॅटरर हसला. "बाई, इतके वर्षं काहून नाही मांगतले? मी तं लग्नवाल्यांकडून अर्धे पैसे बुकिंगलेच घेतो. सांजच्याले पाठवतो."

फोन बंद झाला. वीस वर्षं तिच्या हक्काचा पैसा त्याच्या धंद्यात फिरत होता. मला भयंकर राग आला, त्याचा आणि माझाही. आईचे डोळे भरले होते. तिनं पदरानं ते पुसले, गालाला पीठ लागलं.

"लाव परत," ती म्हणाली.

मी लावला.

"भाऊ, आता दर लगनाले अर्धे आंधी. जमत असन तं सांगा."

 पलीकडून "बरं बाई" आलं.

आई उठली, दारात गेली आणि शेजारच्या दोघींना गल्लीभर ऐकू जाईल अशी हाक मारली, "उद्या पहाटेच या वं! तिन्ही लगनं आपलेच हाय!"