पश्चिमेची भिंत

माणसांची ख्यालीखुशाली विचारावी तशी भिंतींची विचारणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या शेजारी राहत होता. अठ्ठावन्न सालच्या उन्हाळ्यात माझी बदली कासार आंबोलीच्या शाळेत झाली. पुण्यातल्या दोन खोल्यांत अवघडलेल्या आम्हा नवराबायकोनं गावातलं एक जुनं मातीचं घर परसासकट विकत घेतलं आणि हौसेनं डागडुजी काढली. पहिल्याच दिवशी शेजारचे बाबा सरळ माजघरात आले. आमच्याकडं न बघता त्यांनी भिंतीवरून तळवा फिरवला, गाल टेकवला आणि डॉक्टरच्या गंभीरपणानं म्हणाले, "गुरुजी, हिला वल लागलीया. पर घाबरू नगा, जगंल."

त्या दिवसापासून ते आमच्याकडं रोज हजर. गवंडी चिखल कालवू लागला की बाबा त्यातलं बोटभर जिभेवर ठेवून बघत आणि "शेण कमी हाय" म्हणून सगळा गारा पुन्हा तुडवायला लावत. गवंडी दोनदा काम सोडून पौडला निघून गेला. दोन्ही वेळा बाबांनीच त्याला समजावून परत आणलं आणि परत आल्याबरोबर पुन्हा गारा चाखला. माझी बायको स्वयंपाक करत असली तर ते चुलीपाशी उकिडवे बसून धूर कुठल्या कौलातून जातो ते बघत. एकदा तर आमची भाकरी करपली तरी ते तिला तवा उतरवू देईनात, कारण धूर नुकता कुठं नीट वर जाऊ लागला होता! परसातल्या पेरूला ते शिव्या द्यायचे. "नुसती पानं खातंय, फुकट्या!" असं त्याला रोज सकाळी खडसावत. बायको हसून म्हणायची, "आपण घर घेतलं, पण चालवतात बाबा." मलाही आधी गंमत वाटायची. नंतर हळूहळू वाटेनाशी झाली.

पश्चिमेच्या भिंतीला मी निळसर चुना दिला होता आणि तिच्या पायथ्याशी पुण्याहून आणलेली गुलाबाची कलमं लावली होती. वळवाचे ढग दिसू लागल्यावर बाबा म्हणू लागले, "हितं झड आडवी येती. गवताचं तट्टं बांदा, न्हाईतर भित बसंल." मी हो हो म्हणून टाळत राहिलो. इतकं सुंदर घर करायचं आणि त्याला गवताचं गोणपाट गुंडाळायचं?

एका रविवारी आमचे हेडमास्तर आणि दोन शिक्षक घर बघायला आले. मी त्यांना मोठ्या ऐटीत परसात नेलं, तर बाबा पहार घेऊन तट्ट्याच्या मेढींसाठी खड्डे खणत होते आणि माझी दोन कलमं उपटून बाजूला पडली होती. मी म्हणालो, "बाबा, हे घर मी विकत घेतलंय. घराबरोबर तुम्हांला नाही घेतलं!"

पाहुणे हसले. ते हसले म्हणून मीही हसलो. बाबांनी खड्डे पायानं बुजवले, दोन्ही कलमं पुन्हा लावली, त्यांच्या बुंध्याशी माती दाबली आणि पहार उचलून गेले.

मग ते आलेच नाहीत. आषाढात बायको बाळंतपणाला पुण्यात माहेरी होती. मुलगी झाल्याचा निरोप आला आणि मी पुण्याला गेलो. इकडं मुळशीच्या डोंगरांकडून पाऊस असा लागला, की पाच दिवस मला परतता आलं नाही. सहाव्या दिवशी गुडघाभर चिखलातून घरी पोचलो तो पश्चिमेची भिंत वरपासून खालपर्यंत गवताच्या तट्ट्यांनी झाकलेली. मेढी गुलाब चुकवून रोवल्या होत्या. शेजारी बघितलं, तर बाबांच्या गोठ्याची एक बाजू उघडी पडली होती आणि बैल भिजत उभे होते.

मी तसाच त्यांच्या ओसरीवर गेलो. "बाबा, तुम्ही माझ्यासाठी..." असं म्हणू लागलो.

"तुमच्यासाटी न्हाई, भितीसाटी केलं," ते म्हणाले. "तिची माती मी तुडवलीया. तवा मिसरूड फुटली नव्हती मला." आणि लगेच, "पोरगी झाली म्हनं? च्या घ्या."

पुढं ते पुन्हा येऊ लागले, पण बाहेर उभं राहून "येऊ का?" असं विचारून. त्यात टोमणा नव्हता. शहरात अशीच रीत असते आणि गुरुजींनी आपल्याला ती शिकवली, असं त्यांनी अगदी मनापासून धरलं होतं. दर वेळी माझी मान खाली जायची.

सात वर्षांनी बदली झाली. निघायच्या सकाळी मी त्यांच्या पाया पडलो आणि मनात इतके दिवस साठलेलं कसंबसं म्हणालो, "बाबा, त्या दिवशी माझं चुकलं." तोवर त्यांचे कान पार गेले होते. ते माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "व्हय व्हय, औंदा आंबं लई झाल्यात."

मी तेच पुन्हा मोठ्यानं म्हणायला हवं होतं. पण सामान चढवणारी माणसं शेजारी उभी होती आणि त्यांच्यादेखत ते म्हणायचा धीर मला झाला नाही. अपमान मात्र मी चारचौघांत, खणखणीत आवाजात केला होता.