मापाआधीचा पेला

दुष्काळ सरल्यावर आमच्या कळंब भागातल्या गावात सहकारी दूध डेअरी निघाली आणि मी तिथं माप घालायला बसलो. शेजारच्या वाडीवरून एक म्हातारी रोज सकाळी किटली घेऊन यायची. दूध लेकाच्या नावावर जमा व्हायचं, त्यामुळं तिचं नाव मला कधी कळलंच नाही.

नंबर आला की ती आधी कमरेचा पितळी पेला काढायची, किटलीतून भरायची आणि सगळ्यांदेखत गटागटा प्यायची. मग पदरानं ओठ पुसून किटली माझ्यापुढं सरकवायची. मागची रांग कुरकुरायची.

एकदा मी विचारलंच, "आजी, घरीच पिऊन का येत नाही?"

"मला दम्याची गोळी हाय, बाबा. डॉक्टर म्हनला, गोळी सोडू नका, पर ती हाडं पोखरती, तवा दूध पीत जावा. घरी पेला भरला की नातवंडांची तोंडं दिसत्यात, अन् पेला तिकडंच जातो. तुमची तोंडं बघून लई निवांत पिता येतंय!"

रांगच हसली.

एके दिवशी डेअरीच्या ओल्या फरशीवर तिचा पाय घसरला. किटली कलंडली, म्हातारी धाडकन आपटली. आता हाड गेलंच, असं समजून आम्ही धावलो. तिनं बसल्या बसल्या मनगटं फिरवली, गुडघे चाचपले आणि खदखदून हसली.

"आजचं सांडलं, पर कालचं कामाला आलं बघा!"

आणि पेला पुढं केला. रांगेत सगळ्यांत जास्त कुरकुरणाऱ्या माणसानंच तो आपल्या दुधानं काठोकाठ भरला.