भरती म्हणजे काय
नलिनी सावंतचं काम म्हणजे चोख, असं बोरिवलीच्या त्या पंपांच्या कारखान्यात सगळे म्हणत. खोटं कशाला बोला, तिलाही ते गोड लागायचं. गिरणीतल्या गुणाजीची मुलगी, इंग्रजी-मराठी दोन्ही टायपिंग येणारी, म्हणून चौऱ्याऐंशी साली चंद्रप्रकाश साहेबांनी आलेख वाचायची परीक्षा मराठीत आणायला तिलाच दिली. पास होईल त्या कामगाराची हमाली सुटणार, त्याला मशीनच्या कंट्रोल पॅनेलवर बसायला मिळणार.

पेपर होता विलायतेतला. नलिनीबाईंनी बर्फाचा पाऊस केला, सफरचंदांचे आंबे केले. एका आलेखात कोणत्या महिन्यात किती माणसं कामावर घेतली ते दाखवलं होतं, आणि वर नुसतं ‘इनटेक’. जागा बोटभर. तिने टाइप केलं, ‘भरती’. छापण्याआधी पेपर चार कामगारांना दाखवायचा, असा नियम होता. पण खाली त्या तेलकट मशीनशॉपमध्ये उतरतंय कोण? दाखवला म्हणून सही ठोकली आणि मोकळी झाली.

परीक्षेला गोराईचा क्लेमेंट बसला. खाडीवरचा माणूस, नऊ वर्षं पेट्या वाहत होता. दहापैकी पाच प्रश्न बिनचूक. बाकीचे पाच त्या भरतीच्या आलेखावरचे. ते सोडून त्याने आडवं लिहिलं होतं, ‘भरती दर महिन्याला दोनदा मोठी येते, अमावास्येला नि पुनवेला. इथे वर्षात एकदाच, जूनमध्ये, कशी? आलेख चुकला आहे.’

ऑफिसात हसून हसून लोकांची पोटं दुखली. नलिनीही हसली, आणि तिनेच लाल पेनने पाच भोपळे मांडले. पास व्हायला सहा लागत होते.

रात्री जेवताना तिने हा किस्सा बापाला रंगवून सांगितला. गुणाजी देवगडचा. तो काही हसला नाही. घास हातात धरून म्हणाला, “मगे भरती म्हणजे आणखी काय गो?”

नलिनीच्या तोंडचं पाणीच पळालं. अगं, ज्याला आलेख वाचता येत नाही तो आलेखातली चूक काढेल का? रात्रभर डोळ्याला डोळा नाही. निकाल अजून बोर्डावर लागला नव्हता. सकाळी जाऊन साहेबांना सांगून टाकायचं, असं तिने ठरवलं.

गेली खरी. पण साहेबच खुशीत. म्हणाले, पेपर झकास झालाय, आता आपल्या दुसऱ्या कारखान्यांतही हाच पाठवू. मग सहज विचारलं, “कामगारांना दाखवला होतास ना? काही बदलायचं नाही ना?”

सही तिथे समोरच होती. “नाही साहेब,” नलिनी म्हणाली. जीभ झडली नाही मेलीची.

निकाल लागला त्या दुपारी क्लेमेंट तिच्या टेबलाशी आला. भांडायला नाही. वही घेऊन आला होता. आपलं कुठं चुकलं ते समजलं तर पुढल्या वर्षी नीट अभ्यास करीन, म्हणाला. नलिनीने खाली बघत सांगितलं की ही भरती म्हणजे नोकरभरती, माणसं कामावर घेतात ती.

त्याने ते वहीत लिहून घेतलं, सावकाश, एकेक अक्षर.

“मंग बाय,” तो म्हणाला, “माजाच चुकला.”

आणि नलिनीने मान डोलावली.