ऐच्छिक रविवार

आमच्या कारखान्याच्या नव्या मॅनेजरांनी रविवारी सकाळी नियोजनसभा सुरू केल्या. येणं ऐच्छिक होतं, म्हणून हजेरीपट ठेवला होता. गोत्री भागात हॉल घेतला, फलक लावला, गरम शेवउसळीची सोय केली. तरी माणसं येईनात. मग माणसं आणायचं काम माझ्याकडे आलं, कारण सुपरवायझरांत मी त्यातल्या त्यात गोड बोलतो, असा एक गैरसमज होता.

लॅबमधल्या एक बाई लांबच्या करजण गावाहून येत. सगळ्या गुजराती कारखान्यात आम्ही दोघंच मराठी, त्यामुळे मी त्यांचा भाऊ. त्यांच्या आईला आधाराशिवाय उठता येत नसे. एकदा उठायला गेली आणि पडली. शेजारीण चारपर्यंत बसायची, पुढे बाई घरी पोचेपर्यंत, म्हणजे सातपर्यंत, म्हातारी एकटी. बाईंना पहिली पाळी हवी होती. अर्ज साहेबांच्या टेबलावर पडून होता.

"रविवारी येत जा," मी म्हटलं. "साहेबांना चेहरा दिसला की काम होतं."

"भाऊ, आईला निवांत आंघोळ घालायचा तेवढाच एक दिवस असतो."

"दोन-तीनदा या हो."

त्या आल्या.

सभेच्या शेवटी प्रत्येकाने एक सूचना करायची असे आणि ज्याची सूचना, त्याच्याच गळ्यात ते काम पडे. जुनी माणसं त्यामुळे गेटपाशी कुंड्या ठेवाव्यात, याच्या पलीकडे कधी गेली नाहीत. हे बाईंना सांगायला हवं होतं. मी डोकी मोजण्यात गुंतलो होतो.

तिसऱ्या रविवारी त्या उभ्या राहिल्या. "साहेब, या सभा कामाच्या वेळेत घ्या. रविवारी घरची माणसं वाट बघतात."

हॉल गार पडला. साहेब मात्र खुलले. "वाह बेन! बहु सरस!" त्यांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून सगळ्यांनी वाजवल्या. मीही. या प्रश्नाचा अभ्यास करायला तिथल्या तिथे समिती नेमली गेली. बाई प्रमुख, मी सदस्य. बैठक दर मंगळवारी, काम संपल्यावर.

"कुंड्या बोलायचं ना, बेन," मागून स्टोअरकीपर पुटपुटला.

सोमवारी मी अर्जाचं विचारलं. साहेब म्हणाले, "अरे, बेन पहिल्या पाळीत गेल्या तर संध्याकाळी समिती कोण चालवणार?" बाईंची आई घरी एकटी असते, हे वाक्य मी जिन्यात तयार केलं होतं. तेवढ्यात साहेबांनी वाढलेल्या उपस्थितीबद्दल माझी पाठ थोपटली. मी आभार मानले आणि बाहेर आलो.

मंगळवारी सहा वाजता बाई टेबलाच्या टोकाला बसल्या होत्या. फोन कानाला. "आई, पाणी उशाशीच आहे. उठू नकोस गं. हो, येते. नाही, आज उशीर होईल." फोन ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"करा सुरू, भाऊ."

मी विषयपत्रिका वाटल्या. एकूण नऊ विषय होते.