बाईसाहेबांचा गुरुवार

सदर व्यक्ती स्त्री असून वय पन्नाशीच्या अलीकडे, बांधा मध्यम, डोळ्यांना चष्मा. व्यवसाय: ग्रंथलेखन. विषय: ड्रॅगन, त्यांची निगा, आजार व आहार. सदर प्राण्याचा प्रत्यक्ष अनुभव: निरंक. ओळखीची खूण: उजवा पाय फरफटत चालते. हा दोष केवळ गुरुवारी, प्राणिसंग्रहालयाच्या मागच्या फाटकापासून मगरीच्या तळ्यापर्यंत आढळतो. परतीच्या वाटेवर आढळत नाही. कारण नमूद नाही.

कारण आहे, पण ते कुठल्या रकान्यात बसवायचं हा प्रश्नच आहे.

लेखिकेला व्याख्यानाला बोलावलं की शेवटी कुणीतरी उठून विचारायचंच, तुम्हाला ड्रॅगन सुचले कुठून? ती चष्मा पुसत जुन्या दंतकथांबद्दल, दूरदेशीच्या चित्रांबद्दल भारदस्त काहीतरी सांगायची. ऐकणाऱ्यांचं समाधान व्हायचं. खरं उत्तर फार वासाचं होतं. बाबा गुरुवारी घरी आले की जिन्यातच मासळीचा वास यायचा, आणि आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "जेवल्या का आमच्या सवतबाई?"

बाबा प्राणिसंग्रहालयात रखवालदार होते आणि सवतबाई म्हणजे तळ्यातली मगर. बाबा तिला बाईसाहेब म्हणत. ती जुन्या खाटेएवढी लांब, पाठ वाळलेल्या चिखलासारखी, आणि आठवड्यातून एकदा जेवणारी. तिच्या दातात अडकलेलं हाड लांब चिमट्याने काढणं, पावलाच्या जखमेला औषध लावणं, पाणी कधी बदलायचं आणि कधी मुळीच बदलायचं नाही हे ठरवणं, ही सगळी बाबांची कामं. मुलगी कठड्याला हनुवटी टेकवून पाहायची. तिच्या पुस्तकांतली ड्रॅगनच्या पागेतली मोलकरीण नखं कापते, खवल्यांना मलम लावते, आणि राजपुत्र कितीही देखणा असला तरी आधी बादली धुऊन टाकते. वाचकांना हे फार नवीन वाटलं. आईने पहिला भाग वाचून एवढंच म्हटलं की यातली मोलकरीण तुझ्या बापासारखी घोरत नाही, बाकी सगळं तेच आहे.

बाबा उजव्या पायाने अधू होते. तळ्यापाशी येणारे लोक पायाकडे बघत, मग मगरीकडे बघत आणि मुलांना मागे ओढत. बाबांनी कधी खुलासा केला नाही. वास्तविक ते घरच्या जिन्यात साबणाच्या पाण्यावरून घसरले होते, आणि जिना आईने धुतला होता. शाळेतल्या "माझे वडील" या निबंधात मुलीने पाय मगरीच्या नावावर घातला. तिचं हे पहिलं काल्पनिक लेखन. पैकीच्या पैकी गुण मिळाले. त्या दिवसापासून घरात कुणालाच खरं बोलायची गरज वाटली नाही, आणि आईची तर सोयच झाली.

बाबा सेवेतून निवृत्त झाले, पण गुरुवार निवृत्त झाला नाही. त्यांच्या जागी आलेल्या माणसाला सगळे "नवा" म्हणत. वर्षं उलटली तरी तो नवाच राहिला, कारण मगरीला जेवायला घालायला म्हाताराच यायचा. नव्याची हरकत नव्हती. तो पाण्याच्या काठावर जायला घाबरायचा आणि ते मोकळेपणाने कबूलही करायचा.

मग बाबा अंथरुणाला खिळले. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, आता घरीच ठेवा. याचा अर्थ आईला कळला, मुलीला कळला, आणि बाबांना तर डॉक्टरांच्याही आधी कळला होता, कारण म्हाताऱ्या जनावरांबद्दल हेच वाक्य त्यांनी आयुष्यभर ऐकलं होतं. त्यांनी स्वतःबद्दल काही विचारलं नाही. गुरुवारी संध्याकाळी तेवढं विचारलं, "जेवली का?"

जेवली नव्हती. नव्याने बाबांची बादली घेतली, बाबांची वेळ धरली, बाबांसारखीच कडी वाजवली, मासेही त्याच कोळणीकडचे आणले. बाईसाहेब तळाशी दगडासारख्या पडून राहिल्या. पुढच्या गुरुवारीही तेच. पशुवैद्य म्हणाले, मगर महिनोनमहिने उपाशी राहू शकते, पण तरणी मगर. हिचं सांगता येत नाही.

लेखिकेने बाबांना सांगितलं, "जेवली."

"बरं," बाबा म्हणाले.

तेव्हापासून दर गुरुवारी हेच. ती सांगायची जेवली, ते म्हणायचे बरं. तिची पाच जाडजूड पुस्तकं लोकांनी डोळे मिटून खरी मानली होती. हा एक शब्द तेवढा तिला नीट जमत नव्हता.

शेवटी ती स्वतः तळ्यावर गेली. तिच्या पुस्तकात ड्रॅगन हाकेला येतात. मोलकरीण कड्यावर उभी राहून हळू आवाजात खरं नाव घेते आणि ढगांतून पंखांचा आवाज येतो. हे प्रकरण वाचकांना तोंडपाठ आहे. लेखिका पायरीवर उभी राहिली आणि "बाईसाहेब, बाईसाहेब" करत राहिली. पंधरा-वीस हाका झाल्यावर नवा अवघडून म्हणाला, "ताई, तिला ऐकू येत असेल हो. पण तुम्ही कोण, असं वाटत असेल तिला."

परत येताना चपलेचा अंगठा तुटला. ती पाय ओढत जिना चढली, दार उघडून बोळातून आत आली. स्वयंपाकघरातून आई ओरडली, "अहो, उठलात कशाला? पडाल ना!"

मग आई हातातली पळी तशीच घेऊन बाहेर आली. तिने आधी बाबांच्या खोलीकडे पाहिलं. बाबा झोपले होते. मग तिने मुलीच्या पायाकडे पाहिलं आणि भिंतीला टेकून उभी राहिली. लेखिका म्हणाली, "आई, आपण दोघी मूर्ख आहोत."

"तू असशील," आई डोळे पुसत म्हणाली. "मला तर पाऊल कळलं."

मगर पाण्याखालून बादली बघत नव्हती आणि नावाला तर बिलकूल विचारत नव्हती. फरशीवरून येणारी धप आणि फरफट, एवढंच तिचं जेवणाचं आमंत्रण होतं. ते बाबांनाही माहीत नव्हतं. स्वतःची चाल कुणाला ऐकू येते?

मग गच्चीवर शिकवणी सुरू झाली, म्हणजे बाबांपर्यंत आवाज जायला नको. आई पाठ फिरवून, डोळे मिटून बसायची. तिने जन्मभर स्वयंपाकघरात बसून ती चाल जिन्यात ऐकली होती. आज दमलेत की चिडलेत हे तिला दार उघडण्याआधी कळायचं. मुलगी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लंगडायची आणि आई चुका काढायची. "एवढी घाई नको, त्यांना कधी घाई नव्हती. टाच आधी. आता थांब जरा, कठड्यापाशी ते थांबतात. नाटकी नको करूस, ते काही भीक मागायला चालले नव्हते." एकदा चाल अगदी बरोबर जमली. मुलीने वळून पाहिलं तर आईने पदर तोंडाशी धरला होता. "जमलं," ती म्हणाली. "आता पुन्हा माझ्यासमोर करू नकोस."

गुरुवारी लेखिका बाबांची बादली घेऊन, उजवा पाय ओढत, मागच्या फाटकातून निघाली. हरणांच्या कुंपणाशी उभे असलेले दोन वाचक तिला ओळखून हळहळले. कठड्यापाशी ती थांबली. पायऱ्या उतरली. पाणी आधी नुसतं जड झाल्यासारखं दिसलं, मग मध्यावर दोन डोळे वर आले. बाईसाहेब हाडकल्या होत्या. त्या काठाशी आल्या, एक एक मासा घेतला, आणि शेवटचा मासा जबड्याच्या कडेने पायरीवर टाकून मागे सरकल्या. बाबा सांगत ते हेच. "माझा वाटा ठेवते ती." आजवर लेखिका ही बाबांची फोडणी समजत आली होती. आवडली म्हणून तिने ती तशीच्या तशी पुस्तकात घेतली होती.

नव्याने मागून हळूच विचारलं, "ताई, रडताय की काय?" ती म्हणाली, मासळीचा वास डोळ्यांना झोंबतो.

घरी ती जवळजवळ धावतच आली. बाबा जागे होते, आवाज खोल गेला होता. त्यांनी विचारलं, "जेवली का?"

"जेवली, बाबा."

"बरं."

तेच बरं. गेल्या गुरुवारचं, त्याआधीचं, जसंच्या तसं. ती खाटेवर बसली, त्यांचा हात धरला. "बाबा, खरंच जेवली. मी पाहिलं. सगळे मासे खाल्ले आणि शेवटचा पायरीवर ठेवला. तुमचा वाटा."

बाबांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत थोडं हसू होतं. तिच्या लहानपणी तो निबंध वाचून झाल्यावर असंच होतं.

"तिसऱ्या भागात आहे हे," ते म्हणाले, आणि तिच्या हातावर थोपटलं. खोटं सांगायला लागलं म्हणून मुलीला वाईट वाटू नये, अशा बेताने थोपटलं. आई दारात होती. ती पुढे येऊन म्हणाली, "अहो, खरं सांगतेय ती." ते म्हणाले, "हो हो, तू पण."

पुढचा गुरुवार बाबांनी पाहिला नाही.

त्या गुरुवारी घरात माणसं येऊन-जाऊन होती. दुपार टळल्यावर आई लेखिकेजवळ आली आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाली, "बादली जिन्यात ठेवलीय. जा, माझी सवत वाट बघत असेल." ती गेली. त्यानंतरही जाते. परतताना शेवटचा मासा पायरीवर तसाच ठेवते आणि सरळ चालत फाटकाबाहेर येते.

सहाव्या भागाच्या प्रकाशनात सूत्रसंचालकांनी तिच्या अपंगत्वावर मात करण्याच्या जिद्दीचा गौरव केला. टाळ्या पडल्या. तिने खुलासा केला नाही.

तिचे दोन्ही पाय धडधाकट आहेत.