बॉयलरचं गाऱ्हाणं

दाजीपूरची चढण चढताना एसटीच्या इंजिनातलं पाणी उकळलं. ड्रायव्हरने फडकं धरून झाकण सैल केलं आणि वाफ फुसकन निघून गेली. शेजारचे दत्तोबा मिस्त्री म्हणाले, "वाट दिली की वाफ गरीब असते, मास्तर."

दत्तोबा कोल्हापूरचे. कारखान्यांच्या बॉयलरांच्या देखभालीची कंत्राटं घेत. मालवणजवळच्या एका काजूच्या कारखान्याचं काम त्यांना नव्यानेच मिळालं होतं आणि मला समुद्र पाहायचा होता. फोंडाघाट उतरल्यावर तांबडी माती सुरू झाली. मालवणात बांगड्याचं तिखलं (तिरफळं घातलेलं दाट कालवण) जेवताना मी बॉयलर पार विसरलो.

कारखान्यात पोचल्यावर तो विसरणं शक्य नव्हतं. गेल्या हंगामात बॉयलर फुटून त्याला जाळ घालणारा आगवाला पांडू भाजून मेला होता. तेव्हापासून कारखाना बंद. गावाच्या मते कारण साधं होतं. शुभारंभाला आलेल्या पाहुण्यांचं भाषण लांबलं आणि गाऱ्हाणं (देवाला सर्वांदेखत घातलेलं साकडं) घाईत उरकलं, म्हणून देव कोपला. मालकांना हे लगेच पटलं होतं. देवाचा कोप नारळावर भागतो.

दत्तोबा बॉयलरवर चढले आणि एक वरवंटा घेऊन उतरले. जादा वाफ सोडणारी झडप उघडू नये म्हणून तो तिच्या दांड्याला तारेने बांधलेला होता.

"वाफ वाया जायची हो," मालक म्हणाले आणि मांडवाचं काम बघायला गेले.

दुरुस्ती आटोपली. जाळ घालायच्या दिवशी मांडव, ताशे आणि पाहुण्यांसाठी गादीची खुर्ची असा सगळा थाट होता. बॉयलरच्या खोलीच्या उंबऱ्यावर मात्र पांडूची बायको सत्यभामा बसून होती. नवा आगवाला तिचाच दीर, बाबू.

"वयनी, ऊठ गो. पावणे इले."

"येवंदेत. तुझो भाव कशान गेलो, ता आधी कोणीतरी माका सांगा. मगे तू आत जा."

दत्तोबांनी तातू गावकरांना बाजूला नेलं. गावाच्या वतीने देवाशी बोलण्याचा मान त्यांचा. वरवंटा त्यांच्या हातात देऊन दत्तोबांनी सगळं सांगितलं.

"पांडूनच बांधल्यान नसात कशावरून?" तातूंनी विचारलं.

"त्याला कसली घाई होती वाफेची?"

तातूंनी वरवंटा हातात तोलून पाहिला. मग तो सर्वांसमोर ठेवून त्यांनी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, पांडू गेलो तो ह्या धोंड्यान. तुझ्यार उगाच आळ घातलंव, पदरात घे."

"व्हय म्हाराजा," गर्दी म्हणाली, जरा चाचरत.

"हेच्याफुडे जो कोण त्या झडपेक वजन बांधतलो, मगे तो मालक आसांदे नायतर गडी, तेका तू बघून घे, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." माझा देवावर विश्वास बेताचाच, पण मीही म्हणालो.

तातू वळले. "मालकांनू, तुमचो आवाज नाय इलो."

मालकांनी पाहुण्यांकडे पाहिलं. पाहुणे बुटांकडे पाहत होते. "व्हय म्हाराजा," मालक हळू म्हणाले.

सत्यभामा उठली. वरवंटा उचलून तिने पदराखाली घेतला आणि बाबूला वाट देऊन घराकडे चालू लागली. त्या दिवशी भाषण झालं नाही.

परतीच्या गाडीत दत्तोबा म्हणाले, "हे कंत्राट पुन्हा मिळत नाही."

फोंड्याला चहा घेताना त्यांनी विचारलं, "मास्तर, वरवंटा कशाला नेला असेल तिनं?"

मी समुद्र पाहून परतत होतो, तरी डोळ्यांपुढे समुद्र येत नव्हता. त्या दगडाने ती वाटण वाटणार नाही, एवढंच मला सांगता आलं.